आगोटीआधी वायपर: २०१० च्या गाडीच्या वायरिंगच्या नोंदी

१० मे २०२५, शनिवार

आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, कामं चाललीयत घरात, कौलं परतून झाली, लाकडं आत घेतली, आता गाडी. २०१० ची पेट्रोल हॅचबॅक आहे, ऑगस्टमध्ये पंधरा वर्षं पुरी होतायत म्हणजे आरटीओत नेऊन नोंदणी वाढवून घ्यायचीय आणि तिथे वायपर बघतात. पण खरं कारण ते नाही. मागच्या जुलैत कराडहून चिपळूणला येताना कुंभार्ली घाटात आई शेजारी बसलेली आणि भर पावसात वायपर काचेच्या मधोमध उभा राहिला. चाळीस मिनिटं कडेला हॅझर्ड लावून बसलो. आई काही बोलली नाही, नुसती पदराने आतून काच पुसत होती, जणू त्याने दिसणार होतं. घरी आल्यावर बघितलं तर फ्यूज गेलेला, नवीन घातला, वायपर चालला, आणि मी विषय तिथेच सोडला. तो सोडायला नको होता.

तक्रारी आधी कागदावर उतरवल्या, कारण आतापर्यंत दोन मेकॅनिकना दोन वेगळ्या गोष्टी सांगून झाल्यात. वायपर हळू चालतो, रात्री हेडलाइट लावले की अजून हळू. बंद केला की खाली जाऊन झोपत नाही, काचेवर जिथे असेल तिथेच थांबतो. थांबून-थांबून चालायच्या सेटिंगला चार बोटं हलतो आणि उभा. काचेवर पाणी मारायचा वॉशर दाबला की पाणी नाही, पंपाचा आवाजही नाही, पण त्याच वेळी वायपर चालू असेल तर तो एकदम मरगळतो. ही शेवटची गोष्ट लिहिली खरी, पण तिचा अर्थ कळायला मला दोन आठवडे लागले.

वायपर आणि वॉशर दोन्ही एकाच १५ अँपियरच्या निळ्या फ्यूजवर आहेत, फ्यूज बॉक्सच्या झाकणावर चित्र आहे त्यावरून बघितलं.

११ मे, रविवार

सकाळी बोनेट उघडून काचेखालची प्लॅस्टिकची जाळी काढली. त्यासाठी आधी वायपरचे हात काढावे लागतात, चौदाचा नट सुटला पण हात दात्यांवर घट्ट बसलेला, मी स्क्रूड्रायव्हर घालून उचकटला आणि जाळीचा कोपरा तुटला. नंतर कळलं की नट दोन आटे सैल ठेवून हात वर-खाली हलवत गरम पाणी ओतलं की सुटतो. दुसरा हात तसा दोन मिनिटांत निघाला. काचेवर जाड टॉवेल टाकून ठेवा, हात निसटून स्प्रिंगने काचेवर आपटला तर काच जाते.

जाळीखाली आंब्याची पानं, मोहोर, माती, सगळं कुजून काळं झालेलं. पाणी निघून जायचं भोक पूर्ण बुजलेलं. म्हणजे पावसाळाभर वायपरची मोटर पाण्याच्या डबक्याशेजारी बसलेली होती. दोन मग भरून घाण काढली.

मग मीटर घेतला. मोटरचा कपलर (वायरींची जोडणी) काढला, वायपर चालू केला, कपलरच्या पॉझिटिव्ह आणि अर्थच्या (करंट बॅटरीच्या निगेटिव्हला परत जायच्या वाटेच्या) पिनेत मीटर लावला, १२.४ व्होल्ट. बॅटरीवरही तेवढेच. मी ठरवून टाकलं की वायरिंग एकदम ओके आहे आणि मोटर गेली. ही पहिली मोठी चूक, आणि ती मी पूर्ण खात्रीने केली.

१३ मे, मंगळवार

ऑफिस सुटल्यावर स्पेअर पार्टच्या दुकानात. नवीन मोटर ३४०० रुपये. एवढे लगेच घालवायला हात धजला नाही, म्हणून म्हटलं थांबून चालायची तक्रार आहे तर आधी वायपर रिले, म्हणजे थांबून-थांबून चालवणारा स्विच, बदलून बघू. ४८० रुपये. घरी येऊन लावला, काडीचा फरक नाही. इलेक्ट्रिकचं सामान परत घेत नाहीत, दुकानदाराने आधीच सांगितलेलं. ४८० गेले.

१७ मे, शनिवार

बाजारात एक जुने ऑटो इलेक्ट्रिशियन काका आहेत, डोळ्याला आता कमी दिसतं म्हणून काम बंद केलंय, पण दुकानाच्या बाकावर बसलेले असतात. त्यांना कागद वाचून दाखवला. वॉशर दाबला की वायपर मंदावतो हे ऐकल्यावर त्यांनी परत वाचायला लावलं.

मी म्हटलं, "काका, मीटरवर बारा व्होल्ट येतायत पण."

"कपलर काढून बघितलेस ना? मग येणारच. अरे मीटर काय करंट ओढतो होय? एक तार शिल्लक असली तरी तो बाराच दाखवणार. हेडलाइटचा जुना बल्ब आहे काय तुझ्याकडे?"

होता. डिकीतच होता. डावा हेडलाइट दोन वर्षं उजव्यापेक्षा पिवळट पडतोय म्हणून मी गेल्या दिवाळीत बल्ब बदलला, तरी पिवळटच राहिला, जुना चांगला होता म्हणून ठेवून दिलेला. हे सांगितल्यावर काका म्हणाले, "डावा हेडलाइट पिवळा, वायपर हळू, वॉशर दाबला की आणखी हळू. तिघांचा अर्थ एकाच ठिकाणी बसलाय बघ. मोटर घेऊ नकोस."

बल्बला दोन वायरी आणि मगरीच्या तोंडाचे चिमटे लावून दिले त्यांनी. पैसे घेतले नाहीत, चहा घेतला.

१८ मे, रविवार

आज खरं काम झालं.

मोटरचा कपलर काढून बल्बचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि दुसरं आधी थेट बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं, बल्ब पांढरा फटक. मग तेच दुसरं टोक कपलरच्या अर्थच्या पिनेला, आणि बल्ब पिवळसर. फार नाही, पण शेजारी-शेजारी बघितलं की डोळ्याला लगेच कळतं. ज्या पिनेला मी आठवड्यापूर्वी एकदम ओके म्हणालो तीच ही पिन.

मग कपलर परत जोडला, मागच्या बाजूने अर्थच्या वायरीला टाचणी लावली, मीटरचं एक टोक टाचणीला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. काच ओली केली आणि वायपर चालू. हे रीडिंग खरं तर शून्याला चिकटून असायला हवं, ०.२ पर्यंत ठीक. माझ्याकडे वायपर एकटा चालू असताना १.२ व्होल्ट. हेडलाइट लावल्यावर २.३. वॉशरची दांडी ओढली आणि मीटर ५ च्या वर गेला, वायपर सरपटायला लागला. बारापैकी पाच व्होल्ट अर्थच्या वाटेवरच संपत होते, मोटरच्या हातात उरत होते सात. मोटर बिचारी पहिल्यापासून चांगली होती.

आता तो अर्थ कुठे आहे ते शोधायला अडीच तास गेले. वायर मोटरपासून हार्नेसमध्ये, म्हणजे वायरींच्या जुडग्यात, शिरते आणि टेप गुंडाळलेली असल्याने डोळ्यांनी माग काढता येत नाही. शेवटी डाव्या हेडलाइटच्या अर्थच्या वायरीवरून गेलो आणि बॅटरीचा ट्रे काढल्यावर खाली सापडला. दहाचा बोल्ट, त्याला तीन लग (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कड्या) एकावर एक. बोल्ट कसला, हिरव्या-पांढऱ्या पुटाचा गोळा, मिठागरातून काढल्यासारखा. बोटाने दाबला तर एक लग वायरीसकट हातात आला.

२२ जुलै २०२१ च्या पुरात ही गाडी सीटपर्यंत पाण्यात होती. चिपळूणच्या लोकांना तारीख सांगावी लागत नाही, बाहेरच्यांसाठी लिहिलं. त्यानंतर ऑइल बदललं, कार्पेट बदललं, सीट उन्हात वाळवल्या, अल्टरनेटर उघडला. बॅटरीच्या ट्रेखाली कोणी बघितलं नाही, मीसुद्धा नाही. वाशिष्ठीचं पाणी चार वर्षं तिथे आपलं काम करत होतं. पुरातून निघालेली गाडी असेल तर बाकी काही करायच्या आधी कमरेखालचे सगळे अर्थचे बोल्ट सोडून बघा, हे मी कळकळीने सांगतोय.

दुरुस्ती अशी केली. वायर सोलत गेलो तर आतली तांब्याची तार तीन इंचापर्यंत काळी, त्यावर सोल्डर धरतच नाही. लाल-चकचकीत तांबं लागेपर्यंत कापलं, अडीच स्क्वेअर एमएमची नवीन वायर जोडली, नवीन लग दाबून बसवला, वर सोल्डर, वर उष्णतेने आवळणारी स्लीव्ह. पत्रा पॉलिश पेपरने पांढरा होईपर्यंत घासला, दात्यांचा वॉशर, नवा बोल्ट, आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली. तिन्ही लगना हेच. सामान ११० रुपये, वेळ दोन तास.

परत रीडिंग, वायपर आणि हेडलाइट चालू, ०.०८. वायपर असा सुटला की शेजारचा मुलगा बघायला आला. डावा हेडलाइट उजव्यासारखा पांढरा.

आनंदात वॉशरची दांडी ओढली आणि फ्यूज उडाला.

१९ मे, सोमवार

नवा फ्यूज, वायपर छान, वॉशर ओढला, दोन सेकंदांत उडाला. परत तेच. तीन फ्यूज गेले. काल अर्थ नीट करायच्या आधी तर असं होत नव्हतं, म्हणून वाटलं मी जोडताना कुठेतरी शॉर्ट केलाय, परत ट्रे काढला, सगळ्या जोडण्या तपासल्या, सगळं नीट. यात रात्रीचे अकरा.

आणि मग मी जे करायला नको ते केलं. डबीत ३० चा हिरवा फ्यूज होता, म्हटलं नुसता पाच सेकंद लावून बघू. फ्यूज टिकला. डाव्या पुढच्या चाकाच्या वरून जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. लगेच बंद केलं. हा प्रकार कोणी करू नका. फ्यूज वायरीला वाचवायला असतो, पंपाला नाही, आणि ती बारीक वायर हार्नेसमध्ये बाकीच्या वीस वायरींना चिकटून जाते. माझा फक्त पंपाचा कपलर वितळला, तेवढ्यावर निभावलं.

२० ते २३ मे

पाऊस लागला. वळवाचा नाही, रोजचा, धो-धो, मे महिन्यात. गाडी उघडी ठेवणं शक्य नाही, ताडपत्री टाकून ठेवली. वायपरचे हात परत काढून ठेवलेत त्यामुळे बाजारात चालत. सगळा हिशोब जूनच्या दुसऱ्या आठवड्याचा धरून केला होता.

२४ मे, शनिवार

आज मान्सून केरळात आल्याचं जाहीर झालं. शेजाऱ्यांच्या पडवीत गाडी अर्धी सरकवली, पुढची बाजू छपराखाली.

काकांना फोन केला. फ्यूज जाळत बसू नकोस म्हणाले, फ्यूजच्या जागी तोच हेडलाइटचा बल्ब लाव. फ्यूजचे दोन्ही पाय जिथे बसतात तिथे बल्बची दोन टोकं. शॉर्ट असेल तर बल्ब फुल पेटेल आणि साडेचार अँपियरच्या वर काही जाणारच नाही, त्यामुळे वायर तापायची भीती नाही. हवं तितका वेळ शोधत बसा. ही युक्ती मला आधी माहीत असती तर तीन फ्यूज, एक कपलर आणि एक रात्र वाचली असती.

वायपर बंद ठेवून वॉशर ओढला, बल्ब फुल पेटला. पंपाचा कपलर काढून परत ओढला, बल्ब विझला. म्हणजे वायर ठीक, दोष पंपातच.

पंप पाण्याच्या टाकीच्या तळाला, रबरी बुशात दाबून बसवलेला असतो. चाकामागचं प्लॅस्टिकचं अस्तर काढावं लागलं, सातपैकी तीन क्लिपा तुटल्या. पंप ओढल्यावर टाकीतलं पाणी सगळं बाहीत. तळाला बोटभर लाल गाळ. आमच्याकडे विहिरीचं पाणी भरतो, जांभ्याची माती बसते खाली, आणि वर पुराचा गाळ. पंपाचा पंखा त्या गाळात गच्च धरलेला, पक्कडीनेही फिरेना, आणि आतून जळका वास. तो फिरतच नव्हता, नुसता करंट ओढत होता.

आणि इथे मला घाट समजला. गंजलेला अर्थ वाटेत होता म्हणून अडकलेल्या पंपाला पूर्ण करंट मिळत नव्हता, म्हणून फ्यूज तग धरायचा, फक्त वायपर मरगळायचा. मागच्या जुलैत पुढच्या ट्रकने काचेवर चिखल उडवला तेव्हा मी वॉशरची दांडी बराच वेळ धरून ठेवली होती, वायपर चिखलात अडखळत होता, दोघांनी मिळून फ्यूज नेला. रविवारी मी अर्थ सुधारला तेव्हा पंपाची वाट मोकळी झाली आणि फ्यूज दोन सेकंदांत जायला लागला. मी काही बिघडवलं नव्हतं. एक दोष दुसऱ्याला झाकून बसला होता.

नवीन पंप बुशासकट ४२०, वायरीसकट कपलर ९०. नवीन कपलरच्या दोन्ही वायरी काळ्याच, अंदाजाने जोडल्या, उलट्या लागल्या. पंप आवाज करतो पण पाणी काचेपर्यंत पोचत नाही, बोनेटवर ओघळतं. अर्धा तास पाइप तपासला, मग वायरी अदलाबदल केल्या आणि पाणी छपरावरून मागे गेलं. उजवं नोझल बंद होतं ते स्टोव्हच्या पिनेने साफ केलं. टाकी तीनदा धुतली, यापुढे गाळलेलं पाणी.

२५ मे, रविवार

उरली ती काचेवर मध्येच थांबायची तक्रार. वायपर बंद केला तरी मोटरला एका वेगळ्या वायरीतून करंट मिळत राहतो, आतली चकती फिरत-फिरत खालच्या जागेवर येईपर्यंत. तिथे आल्यावरच तो तुटतो. त्या वायरीला ५ वॅटचा छोटा बल्ब लावला आणि वायपर हळू गतीवर चालवला, बल्ब पूर्ण फेरीभर पेटून फक्त खालच्या टोकाला विझायला हवा. माझा क्षणभर लुकलुकायचा आणि बहुतेक वेळ विझलेला. आणि थांबून-थांबून चालणं याच वायरीवर अवलंबून, रिले फक्त सुरुवातीचा धक्का देतो, पुढची फेरी ही चकती पुरी करते. माझा चार बोटं हलायचा तो तो धक्का. रिलेचे ४८० का वाया गेले ते आज कळलं.

मोटर काढली, दहाचे तीन बोल्ट. फिरणारा दांडा काढायच्या आधी त्याची जागा मार्करने आखली. झाकण उघडलं, आत ग्रीस मेणासारखं घट्ट होऊन काळं पडलेलं आणि पितळी पट्ट्यांवर हिरवट पूट, डबक्याची ओल. तीन पातळ पत्र्याचे हात त्या पट्ट्यांवर घासत असतात, त्यातला एक वर उचललेला, पट्टीला टेकतच नव्हता. काँटॅक्ट क्लीनर मारला, शाळेतल्या खोडरबराने पट्ट्या पिवळ्या होईपर्यंत घासल्या, पॉलिश पेपर मुद्दाम नाही वापरला कारण पट्टी पातळ आहे. पत्र्याचा हात चिमट्याने केसभर खाली वाकवला. अगदी थोडं नवीन ग्रीस, झाकण बंद. बल्ब आता फेरीभर स्थिर पेटतो.

मार्करची खूण काँटॅक्ट क्लीनरने पुसून गेली होती. मी अंदाजाने दांडा बसवला, सगळं जोडलं, चालू केलं, आणि उजवा वायपर काचेबाहेर जाऊन खांबाच्या पट्टीवर आपटला. पात्याचं रबर फाटलं. अंधार झाला, पाऊस वाढला, सोडून दिलं.

२७ मे, मंगळवार

काल मुंबईतही मान्सून पोचला, २६ मे ही आतापर्यंतची सगळ्यात लवकरची तारीख म्हणतायत.

संध्याकाळी दांडा परत काढला. बरोबर क्रम असा: मोटर नुसती जोडायची, दांड्याशिवाय चालवून बंद करायची, ती आपोआप आपल्या विश्रांतीच्या जागी थांबते. मग दांडा आणि जोडकाठी सरळ रेषेत येतील असा बसवून नट आवळायचा, परत एकदा चालवून बंद करायची, आणि सगळ्यात शेवटी वायपरचे हात काचेवरच्या टेपच्या खुणेवर. टेप मात्र मी पहिल्या दिवशी हात काढायच्या आधी लावली होती, तेवढं एक नीट केलेलं. खूण करायचीच तर स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने ओरखडा काढा, तो पुसला जात नाही.

वीस मिनिटांत झालं. बंद केला की दोन्ही हात खाली जाऊन शांत बसतात. थांबून-थांबून चालणंही सुरू, जुन्याच रिलेवर. नवीन पाती जोडी ५५० रुपये.

खर्च: रिले ४८० वाया, फ्यूजचं पाकीट १००, पंप ४२०, कपलर ९०, लग-वायर-स्लीव्ह ११०, काँटॅक्ट क्लीनर २६०, पाती ५५०. एकूण २०१०. वेळ अंदाजे एकवीस तास, त्यातले निदान नऊ माझ्या चुका निस्तरण्यात. मोटरचे ३४०० वाचले.

१ जून, रविवार

कुंभार्लीतून पोफळीपासून वर हेळवाकपर्यंत आणि परत, मुद्दाम पावसात. धुकं, हेडलाइट चालू, ब्लोअर चालू, वायपर जलद. उतरताना एका ट्रकने पूर्ण काच लाल केली, वॉशर ओढला, तीन फेऱ्यांत काच साफ. आई शेजारी होती. म्हणाली, पाणी जरा जास्तच उडतं, मागच्या गाडीवर पडत असेल. उजवं नोझल खरंच वर बघतंय, टाचणीने थोडं खाली वळवायचंय.

घरी आल्यावर गाडी गरम असतानाच अर्थचं रीडिंग परत घेतलं, ०.०९. फ्यूज निळाच, १५ चा. पानं काढायला जाळी दर पंधरवड्याला उघडणार आहे, पुढचं रीडिंग गणपतीत घेऊन इथेच लिहितो.